व्हीएचएस कॅसेटी उतरवायला यूएसबी डोंगल (व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारी छोटी जोडणी) पुरे, की पूर्ण सरंजाम हवा?

फीतवाला
लग्नामुंजीच्या कॅसेटी संगणकावर घ्यायच्या म्हटलं की एव्ही-टू-एचडीएमआय डबी (व्हीसीआरचा सिग्नल एचडीएमआयमध्ये बदलणारी) सुचवणारे हटकून भेटतात. त्या डबीला माझा ठाम विरोध. आपली कॅसेट पाल या भारतातल्या टीव्ही पद्धतीची: ५७६ दृश्य रेषा, सेकंदाला ५० फील्ड (एकाआड एक रेषांची अर्धी चित्रं). ही डबी फील्ड एकमेकांत कालवते, चित्र १०८० पर्यंत ताणते आणि पुष्कळदा ६० हर्ट्झवर नेते. मग वरात अडखळत चालते, आणि ते नंतर नीट निस्तरता येत नाही.

पैसे घालायचेत तर व्हीसीआरवर घाला. लाइन टीबीसी (रेषांची वेळ सुधारणारं सर्किट) असलेलं एस-व्हीएचएस (व्हीएचएसची वरची आवृत्ती) मशीन आणि एस-व्हिडिओची (उजेड आणि रंग वेगळे नेणारी) वायर घ्या. फितीवर उजेड आणि रंग वेगवेगळे नोंदलेले असतात. पिवळ्या पिनेतून ते एकत्र येतात, संगणकाचं कॅप्चर कार्ड पुन्हा वेगळे करतं, आणि त्या खटाटोपात रंगांच्या कडांवर ठिपके सरकताना दिसतात. कॅप्चर ७२० बाय ५७६, इंटरलेस्डच (फील्ड वेगळी ठेवून), ४:२:२ (रंगाचा पुरेसा तपशील), हफवाययूव्ही या काही न गमावणाऱ्या कोडेकमध्ये (चित्र दाबून साठवणारी पद्धत). तासाला साधारण ३०-३५ जीबी धरा.

काटकसरी
डबीबद्दल सहमत, बाकी सगळं हौसेचं काम. व्हीएचएसच्या चित्राची आडवी स्पष्टता जेमतेम २४० रेषा, रंगाची त्याहून कितीतरी कमी. त्यासाठी जुनं एस-व्हीएचएस मशीन शोधत वर्ष घालवायचं? ते सापडेल तेव्हा हेड (फीत वाचणारा भाग) झिजलेलं आणि पिंच रोलर (फीत ओढणारं रबरी चाक) कडक झालेला असेल. त्यापेक्षा चांगल्या हेडचा साधा व्हीसीआर सरस. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. कोकण-मुंबईच्या दमट हवेत फितीला बुरशी लागतेय ती वेगळीच. आज डोंगलने उतरवलेली कॅसेट उद्याच्या टीबीसीपेक्षा बरी.

फीतवाला
मुद्दा स्पष्टतेचा नाहीच, वेळेचा आहे. फीत ताणली जाते, ड्रमची (हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याची) गती किंचित डुलते, त्यामुळे प्रत्येक रेषा थोडी आधी किंवा उशिरा सुरू होते. मांडवाचा खांब पाहा, कडा थरथरताना दिसेल. डोंगल ती थरथर तशीच पिक्सेलमध्ये गोठवतो. सिंक (रेषा-फ्रेम कुठे सुरू होते ते सांगणारा सिग्नल) कमजोर झाला की फ्रेमही गाळतो, आणि तासाभरात मंगलाष्टकं आणि ओठ यांचा मेळ सुटतो. व्हर्च्युअलडब या कॅप्चर सॉफ्टवेअरमध्ये गाळलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो; तो वाढत असेल तर ती फाइल ठेवू नका.

एस-व्हीएचएस नसेल तर पॅनासॉनिकचा ईएस-१० हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडा. रेकॉर्डिंग करायचं नाही, सिग्नल नुसता आरपार जाऊ द्यायचा. वरच्या भागात झेंड्यासारखं वाकणारं चित्र पुष्कळसं सरळ होतं. त्यातलं इनपुटचं नॉइज रिडक्शन मात्र बंद करा, नाहीतर चेहरे मेणाचे होतात.

काटकसरी
ईएस-१० चालेल, तो खर्च पटतो. पण डोंगलला सरसकट बदनाम करू नका. थरथर सोडली तर निम्मं वाटोळं होतं ते ब्राइटनेस-काँट्रास्ट न तपासल्यामुळे. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लावा, ० ते २५५ च्या पट्टीवर काळा १६ च्या खाली आणि पांढरा २३५ च्या वर जाऊन कापला जाता कामा नये. पांढऱ्या उपरण्याच्या घड्या दिसेनाशा झाल्या, तर त्या कुठल्याही कोडेकमधून परत येत नाहीत.

आरएफ_पंथी
दोघेही उशिरा जागे होताय. हेडवरून येणारा कच्चा आरएफ सिग्नल (चित्र बनण्याआधीचा) व्हीसीआरच्या बोर्डावरच्या टेस्ट पॉइंटवरून (तपासणीसाठी ठेवलेल्या टोकावरून) घ्या, कॉनेक्संट चिपचं जुनं पीसीआय कार्ड २८.६ मेगाहर्ट्झने तो नोंदवतं, आणि पुढचं काम व्हीएचएस-डीकोड हे मोफत सॉफ्टवेअर करतं. टाइम बेसची (रेषांच्या वेळेची) दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्येच होते. मशीनचं चित्र बनवणारं सर्किट वगळल्यामुळे चांगल्या हेडचा साधा व्हीसीपीही (फक्त कॅसेट वाजवणारं मशीन) चालतो. हाय-फाय आवाजासाठी दुसरी वायर वेगळ्या टेस्ट पॉइंटवरून काढावी लागते, हे विसरू नका.

झाकण उघडण्याआधी प्लग काढा. पॉवर सप्लायचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भारलेला असतो, त्या भागाला हात लावू नका.

काटकसरी
गणित करा. तुमचं कार्ड सेकंदाला २८.६ एमबी ओततं, म्हणजे तासाला १०० जीबींच्या वर. तीन-तीन तासांच्या ४० कॅसेटी म्हणजे १२ टीबी! फ्लॅक या काही न गमावणाऱ्या पद्धतीने दाबून निम्मे झाले तरी डीकोड व्हायला कॅसेटच्या लांबीपेक्षा जास्त वेळ लागतो. एकुलत्या एका दुर्मीळ कॅसेटला ठीक. वऱ्हाडी जेवणाच्या पंगतीला कशाला?

दमट_हवा
भांडण कॅसेट मशीनमध्ये घालण्याआधीचं हवं. खिडकीतून रिळाच्या कडा पाहा. पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट चांगल्या मशीनमध्ये घालायची नाही. बुरशी ड्रमवर बसते आणि पुढच्या कॅसेटींना लागते. मास्क लावून, घराबाहेर, टाकाऊ मशीनवर साफ करा. निरोगी कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. हेड पुसायला कापसाची काडी नको, तंतू हेडच्या टोकाला अडकतात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं शॅमॉय (मऊ चामड्याचं फडकं) ड्रमवर स्थिर धरा आणि ड्रम हाताने फिरवा. वर-खाली घासलंत तर हेड तुटलंच म्हणून समजा.

सातासमुद्रापार
अमेरिकेत भरलेल्या एनटीएससी कॅसेटी इकडच्या मल्टी-सिस्टीम व्हीसीआरवर चालतात, पण कार्डात काळ्या-पांढऱ्या येतात. कॅसेट खराब?

फीतवाला
नाही. तुमचा व्हीसीआर पाल-६० नावाचा मिश्र सिग्नल देतोय: ५२५ रेषा, पण रंग पालचा. टीव्हीला तो चालतो, बऱ्याच कार्डांना उमगत नाही. व्हीसीआरच्या मागे किंवा मेनूत एनटीएससी ४.४३ किंवा ३.५८ असा पर्याय असेल तर ३.५८ निवडा आणि कार्डही एनटीएससीवर ठेवा. पर्याय नसेल तर अस्सल एनटीएससी मशीन मागवा. इथे काटकसर चालणार नाही.

काटकसरी
हे मान्य. मात्र मूळ इंटरलेस्ड फाइल जपून ठेवून नातेवाइकांना पाठवायच्या प्रतीसाठी क्यूटीजीएमसीचा (फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवणारी संथ पण उत्तम पद्धत) हट्ट धरू नका. एफएफएमपेग या मोफत साधनातलं बीडब्ल्यूडीआयएफ (त्याच कामाचं झटपट फिल्टर) लावा, सेकंदाला ५० फ्रेमच ठेवा, एच.२६४ कोडेकला सीआरएफ (दर्जाचा आकडा) १८ द्या. व्हॉट्सअ‍ॅप पुढे काय करायचं ते करेलच.