मदत हवी आहे: वायनरीचं लायसन्स बाबांच्या नावावर, हयातीतच पार्टनर कसं व्हायचं?

गोव्यात फोंड्याजवळ आमची घरची छोटी वायनरी, पोर्ट वाईन करतो, द्राक्षं नाशिक-विजापूरकडची. अबकारी लायसन्स एकट्या बाबांच्या नावावर. टाक्या, ब्लेंडिंग सगळं ताई बघते (खरं तर वायनरी तीच चालवते, तिचं नाव कागदावर यायलाच हवं), विक्री माझ्याकडे. बाबा धडधाकट आहेत, त्यामुळे वारसनोंदीचा प्रश्न नाही, त्यांना आत्ताच आम्हाला पार्टनर करायचंय. पार्टनरशिप डीडचा ड्राफ्ट तयार आहे पण सही केलेली नाही कारण सीए म्हणतात फर्मचा पॅन वेगळा होणार म्हणजे एफएसएसएआय (अन्नसुरक्षेचं लायसन्स), व्हॅट नोंदणी सगळं नव्याने. जानेवारी ते मार्च द्राक्षांचा सीझन, तेव्हा काम थांबवता येत नाही. गोव्यात कोणी हे केलंय का? जुन्याच लायसन्सवर पार्टनरची नावं चढतात की फर्मच्या नावे नवीन काढावं लागतं, आणि तोवर जुन्या लेबलचा माल विकता येतो का?