टोलचा वार्षिक पास घ्यावा का? (सोसायटी ग्रुप, नाशिकरोड)

*ए-३०४:* नमस्कार मंडळी. फास्टॅगचा तो वार्षिक पास कुणी घेतलाय का? माझं सिन्नर एमआयडीसीत काम सुरू झालंय. शिंदे टोलला जाता-येता पैसे कटतात. पास घेऊन टाकू का?

*बी-१०१ काका:* डोळे झाकून घे. १५ ऑगस्ट २०२५ ला पास सुरू झाला, तेव्हाच मी घेतला. तेव्हा किंमत ३,००० होती, भागिले २०० फेऱ्या, एका फेरीला पंधरा रुपये. पंधरा रुपयांत हल्ली चहासुद्धा धड मिळत नाही.

*सी-२०२ ताई:* काका, थांबा जरा. दादा, आठवड्यातून किती दिवस जाता?

*ए-३०४:* सहा. रविवारी सुट्टी.

*सी-२०२ ताई:* मग नका घेऊ. जाताना एक फेरी, येताना एक. २०० फेऱ्या कामाच्या शंभर दिवसांत संपतील. नाव वार्षिक असलं तरी वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. तुमचा पास चार महिन्यांत संपणार, म्हणजे वर्षाला तीनदा घ्या, काकांच्या दराने नऊ हजार.

*ए-३०४:* बाप रे. मग रोज कटू देऊ?

*सी-२०२ ताई:* नाही हो. लोकल मासिक पास काढा. टोलनाक्यापासून २० किमीच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाड्यांना मिळतो. २०२५-२६ चा दर महिन्याला ३५० रुपये होता, दर एप्रिलला थोडा बदलतो. महिनाभर कितीही वेळा जा-ये करा. त्या दराने वर्षाचे ४,२०० झाले. शिंदे नाका आपल्याला अगदी जवळ आहे.

*बी-१०१ काका:* हे मला कुणी सांगितलं नाही कधी.

*सी-२०२ ताई:* तुम्हाला त्याचा उपयोगच नाही काका. तुम्ही ठाण्याला जाता. घोटी आणि पडघा, दोन्ही नाके राष्ट्रीय महामार्गावरचे. जाऊन-येऊन चार फेऱ्या, म्हणजे पन्नास वेळा ठाणं झालं. तुमच्यासाठी वार्षिकच बरोबर.

*डी-४०१ वहिनी:* मग आमच्या पासाचं काय झालं? दिवाळीत इगतपुरीहून समृद्धीने भिवंडीजवळ आमणेपर्यंत गेलो, पास असून पैसे कटले. पुढे अटल सेतूवर पुन्हा अडीचशे. पास बंद पडलाय का?

*बी-१०१ काका:* बँकेला फोन करा. चोर आहेत सगळे.

*बी-५०३:* पास चालू आहे वहिनी, बँकेचाही दोष नाही. पास फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. समृद्धी आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे एमएसआरडीसीचे, अटल सेतू एमएमआरडीएचा, म्हणजे दोन्ही राज्याच्या संस्था. तिथे नेहमीसारखे वॉलेटमधूनच कटणार. समृद्धीवर कारला किमीला साधारण दोन रुपये. इगतपुरी-आमणे ७६ किमी, म्हणजे दीडशेच्या पुढे.

*डी-४०१ वहिनी:* अच्छा. आणि आमचे हे म्हणत होते की पास आहे, आता रिचार्ज करायचं कामच नाही 🙄

*बी-५०३:* उलट आता जास्त लक्ष ठेवायला हवं. राष्ट्रीय महामार्गावर टॅग चालला नाही तर १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने सव्वापट; रोखीने तेव्हा दुप्पट ठरलं होतं. एमएसआरडीसीच्या नाक्यांवर मात्र १ एप्रिल २०२५ पासून थेट दुप्पट. एक्स्प्रेसवेला कारचे ३२० आहेत, त्याचे ६४० मोजायला जिवावर येतं. आपल्याकडच्या माणसाने कसारा घाटाने जायचं की समृद्धीच्या बोगद्यातून, हे आधी ठरवावं आणि मग पासाचा हिशेब मांडावा. मी स्वतः हल्ली समृद्धीनेच जातो, वेळ वाचतो. म्हणून पास घेतलेला नाही.

*बी-१०१ काका:* घाटच बरा. बोगद्यात रेडिओ लागत नाही.

*ई-१०३ आजोबा:* _फॉरवर्ड केलेला मेसेज_ : सावधान!! सिग्नलवर काच पुसणारा मुलगा हातातल्या घड्याळाने तुमचा फास्टॅग स्कॅन करून खाते रिकामे करतो. व्हिडिओ पाहा. सर्व ग्रुपवर पाठवा.

*सी-२०२ ताई:* आजोबा 🙏 हा २०२२ चा व्हिडिओ. तेव्हाच खोटा असल्याचं फास्टॅगची यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने जाहीर केलं होतं. टॅगमधले पैसे फक्त नोंदणी केलेल्या टोल आणि पार्किंगवाल्यांकडे जाऊ शकतात, कुणा माणसाच्या खात्यात नाही. टॅगच्या चिपमध्ये पैसे नसतातच, नुसता नंबर असतो.

*ई-१०३ आजोबा:* बरं. पण काच पुसू देऊ नये हे खरंच ना?

*ए-३०४:* तो वेगळा विषय आजोबा 😄

*सी-६०१:* मला खऱ्या चोरीचं सांगा. जुनी गाडी विकली. डीलर म्हणाला टॅग आम्ही काढतो. आता जळगावकडच्या नाक्यांवर पैसे कटल्याचे मेसेज मला येतात.

*बी-५०३:* काचेवरून टॅग खरवडून काढला तरी खातं चालूच राहतं. ज्या बँकेचा टॅग, तिच्याकडे गाडी विकल्याचे कागद देऊन खातं बंद करा. अनामत असेल तर तीही परत मागा. तोवर त्यात रिचार्ज करू नका. चुकीने पैसे कटले तर तक्रारीसाठी महामार्गाची १०३३ हेल्पलाइन आहेच.

*डी-४०१ वहिनी:* एक राहिलं. शंभर मीटरच्या पुढे रांग असली की टोल माफ असतो ना? पडघ्याला आमचे हे दरवेळी तिथल्या पोराशी वाद घालतात.

*बी-५०३:* २०२१ मध्ये तशी सूचना आली होती, २०२४ मध्ये मागे घेतली. चालतो तो नियम वेगळा. टॅग वैध आहे, पैसे आहेत आणि त्यांचंच मशीन बंद आहे, तर पैसे न देता जाऊ द्यायचं आणि शून्य रकमेची पावती द्यायची. भांडायचंच असेल तर त्यावर भांडायला सांगा त्यांना.

*बी-१०२ सेक्रेटरी:* टॅगचा विषय निघालाच आहे तर सांगतो. काही जणांनी सोसायटीचं पार्किंग स्टिकर टॅगवरच चिकटवलंय. ते डावीकडे खाली लावा. आणि टॅग हातात धरून दाखवू नका, काचेवर न चिकटवलेला टॅग ब्लॅकलिस्ट करतात.

*बी-१०१ काका:* स्टिकर तुमच्याच वॉचमनने चिकटवलंय.

*बी-१०२ सेक्रेटरी:* बघतो.

*ए-३०४:* ताई, लोकल पासाला काय काय न्यायचं?

*सी-२०२ ताई:* आरसी आणि इथल्या पत्त्याचा पुरावा. आरसीवर जुना पत्ता असेल तर आधी तो बदलून घ्या, नाहीतर हेलपाटा पडेल.

*ए-३०४:* आरसीवर मालेगावचा पत्ता आहे 😑 म्हणजे आधी आरटीओ.