मदत हवी आहे: जुन्या फोटोतल्या 'रमाबाई' नेमक्या कोणत्या?

नमस्कार मंडळी,

पणजीच्या पेटीत लुगड्याच्या घडीत गुंडाळून ठेवलेला एक फोटो सापडलाय. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तळहातापेक्षा थोडा मोठा. नऊ बायका, सगळ्या नऊवारीत; पाच बसलेल्या, चार मागे उभ्या. पाठीमागे मोडीत एकच ओळ आहे. ओळखीच्या एका काकांनी ती "रमाबाई व इतर, शके १८२" अशी वाचून दिली. शेवटचा आकडा कसरीने खाल्लाय. स्टुडिओचं नाव असणार तो कोपराही तुटलाय. म्हणजे साल १८९८ ते १९०८ मधलं कुठलंही.

घरात सगळे धरून चाललेत की या पंडिता रमाबाईच. एका संस्थेत दाखवायला नेला, तर तिथल्या गृहस्थांनी भिंगसुद्धा न लावता तेच नाव लिहून घेतलं. मला ते पटलं नाही, कारण रमाबाई रानडेही त्याच काळातल्या. तिसरीच कुणी रमाबाई असणंही शक्य आहे, तेव्हा हे नाव वाड्यावाड्यात होतं.

माझं सगळं लक्ष मधोमध बसलेल्या बाईंच्या कपाळावर आहे. पंडिता रमाबाईंचे पती १८८२ मध्येच वारले होते. न्यायमूर्ती रानडे गेले १६ जानेवारी १९०१ ला, म्हणजे शके १८२२ च्या पौषात. तोवर रमाबाई रानडे सवाष्ण होत्या. कपाळावर कुंकू असेल तर त्या पंडिता रमाबाई नाहीत. आणि रानडे असतील तर साल १९०१ च्या आधीचं. त्या वेळच्या काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसत नसे, कुंकू काळं उमटे. इथे तिळाएवढा काळा ठिपका आहे खरा, पण तसेच दोन ठिपके शेजारणीच्या पदरावरही आहेत, ते बुरशीचे वाटतात. केसांवरून ठरवावं (पंडिता रमाबाईंचे आखूड कापलेले असत), तर पदर डोक्यावरून पार कपाळापर्यंत ओढलेला.

नुसत्या लिहिलेल्या नावावर विसंबायला मी का कचरते तेही सांगते. आनंदीबाई जोशींचा फिलाडेल्फियातला १८८५ चा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या इस्लामबूली यांच्यासोबतचा. त्याच्याखाली तिघींच्या नावामागे 'डॉक्टर' लावलंय, पण आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये. आनंदीबाई अमेरिकेला जाण्याआधी राहत होत्या त्या बंगालमधल्या श्रीरामपूरचं इंग्रजी स्पेलिंगही तिथे पार बिघडलेलं आहे. म्हणजे ओळी मागाहून लिहिल्या जातात आणि चुकतातही.

मला हे इतकं का हवंय? माझी पणजी बालविधवा. ती "आश्रमात शिकली" एवढंच घरात ठाऊक आहे. कुठल्या आश्रमात? पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत निघालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं, नंतर काम केडगावला गेलं. अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम १८९६ चा, पुढे हिंगण्याला हलला. मधल्या बाई कोण ते कळलं, तर पणजीचा माग लागेल. डावीकडून दुसरी उभी आहे तिचं नाक अगदी माझ्या आजीचं आहे. ओळीतल्या त्या 'इतर' मध्ये माझी पणजी आहे, असं मला मनापासून वाटतं.

तर जाणकारांनो, ती मोडी ओळ कुणी पुन्हा वाचून द्याल का? रमाबाई रानड्यांचा १९०१ पूर्वीचा, खात्रीचा फोटो कुठे पाहायला मिळेल? केडगाव किंवा हिंगण्याचे जुने समूहफोटो कुणाच्या घरी असतील तर मागची भिंत आणि बसायचा बाक ताडून बघायचाय. बाकाच्या पायाला कमळाचं कोरीवकाम आहे. आणि फोटो पुठ्ठ्यावरून सोडवू का? खाली आणखी अक्षरं असतील असं वाटतं, पण फाटला तर दुसरी प्रत नाही.

स्कॅन रविवारी टाकते. घरगुती माहिती असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.

ता. क. उजवीकडच्या शेवटच्या बाईच्या मांडीवर पुस्तक उघडं आहे. पानावर आडव्या ठसठशीत रेघा दिसतात, त्या देवनागरीच्या शिरोरेघा असाव्यात. स्कॅन मोठा करून कुणाला एखादा शब्द लागला तर नक्की कळवा.