चर्चने बालगृह काढावं की दुसरं काही?

मंडळी_सेवक:
आमच्या मंडळीला एक रिकामी इमारत दान मिळते आहे. तिथे निराधार मुलांसाठी २५-३० खाटांचं बालगृह काढावं, असा वडीलजनांचा कल आहे. ख्रिस्ती सेवक जॉर्ज म्युलर यांनी १८३६ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला अनाथगृह सुरू केलं, तोच आदर्श सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. जाणकारांनी सांगावं, सुरुवात कुठून करायची?

उंबरठा:
इमारतीपासून तरी करू नका. म्युलर यांचा मूळ नियम आई-वडील दोघंही वारलेल्या मुलांना घेण्याचा होता. आज बालगृहांत राहणाऱ्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात. मूल तिथे येतं ते गरिबी, आजारपण किंवा शाळेच्या खर्चापायी. खाटा तयार असल्या की त्या भरतात, कारण अडचणीतल्या आईला मुलाच्या जेवणाची आणि शाळेची सोय तेवढ्या एकाच दारात दिसते.

संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार केवळ गरिबी हे मूल घरापासून तोडायचं कारण होऊ शकत नाही, आणि ३ वर्षांखालच्या मुलाची पर्यायी सोय कुटुंबातच असावी. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये संस्थांतल्या १३६ बाळांचा अभ्यास झाला. निम्म्यांना पालक-कुटुंबं, म्हणजे मूल आपल्या घरी सांभाळणारी दुसरी कुटुंबं, मिळाली. त्यातही जी साधारण २ वर्षांची व्हायच्या आत अशा कुटुंबांत राहायला गेली, त्यांची माणसांशी नाती जास्त घट्ट जुळली.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (१:२७) अनाथ आणि विधवा यांचा उल्लेख एकत्रच येतो. आईला उभं केलं की मूल घरीच राहतं. त्यासाठी दोन कुटुंबांपासून सुरुवात करा. प्रत्येक कुटुंबामागे मंडळीतली दोन घरं जोडा. पहिले ३ महिने दर आठवड्याला भेट, मग पंधरवड्याला. मदत ठरलेल्या तारखेलाच द्या. घरभाडं आणि फी थेट चुकती करा. आईच्या कमाईची सोय काय, आणि मदत कधी व कशी कमी करत न्यायची, हे तिच्यासोबत बसून कागदावर आणा. मावशी-आजीकडे राहणाऱ्या मुलांचं घोडं बहुधा पालकत्वाच्या कागदावर अडतं: शाळेचा दाखला, दवाखान्यातली सही. तिथे मंडळीतला एखादा वकील पैशांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आणि मदतीला उपासनेच्या हजेरीची किंवा बाप्तिस्म्याची अट नको. अट घातली की घरातली खरी अडचण तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

मंडळी_सेवक:
हे पटतंय. पण देणगीदारांना इमारत दिसते, हे काम दिसत नाही. आणि ज्यांना खरंच कोणी नाही, त्या मुलांचं काय?

साक्षी_पान:
त्यांच्यासाठी मंडळीतून पालक-कुटुंबं तयार करा. निवड, तपासणी आणि मूल सोपवणं हे सरकारी बालसंरक्षण यंत्रणेमार्फतच होऊ द्या. मंडळीने परस्पर कुणाच्या घरी मूल ठेवू नये. ही कुटुंबं दमून माघार घेऊ शकतात, म्हणून महिन्यातून एखादा शनिवार-रविवार मूल सांभाळायला दुसरं तपासलेलं, मुलाच्या ओळखीचं घर हवं. इमारतीत पाळणाघर किंवा संध्याकाळची अभ्यासिका चालवा. देणगीदारांना तीही दिसते. मुलांचे फोटो आणि व्यासपीठावरून त्यांची साक्ष मात्र नको. स्वतःचं दुःख सांगून पैसे जमवणं हे मुलाचं काम नाही.

दार_उघडं:
या सगळ्याआधी बालसुरक्षेचं लेखी धोरण करा. संडे स्कूलसुद्धा त्याखाली आलं पाहिजे. प्रत्येक वर्गात एकमेकांच्या नात्यात नसलेली दोन मोठी माणसं, दाराला काच. एकट्या मोठ्या माणसाने मुलाला गाडीतून घरी सोडायचं नाही, खाजगी मेसेज करायचे नाहीत. नवा स्वयंसेवक किमान ६ महिने मंडळीत असलेला हवा, आणि त्याच्याबद्दल दोघांकडे प्रत्यक्ष फोन करून चौकशी झालेली हवी.

मुलाने काही सांगितलं तर ऐकून घ्या. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘काकांनी हात लावला का?’ असं सुचवणारं विचारू नका. ‘मग काय झालं?’ एवढंच पुरे. मुलाचे शब्द जसेच्या तसे तारीख-वेळेसह लिहा आणि त्याच दिवशी पोलिसांना किंवा बालसंरक्षण अधिकाऱ्यांना कळवा. मंडळ्या नेमक्या इथेच चुकतात: पाळक आधी आपापसांत चौकशी करतात, आरोपी सावध होतो, आणि मुलावर क्षमा करण्याचं दडपण येतं. तक्रार घेणारी व्यक्ती पाळकांच्या घरातली नसावी, आणि तिचा नंबर मुलांना वाचता येईल अशा उंचीवर भिंतीला लावा.