सात वर्षांत पाच नोकऱ्या: मुलाखतीत काय सांगावे?

चाकणकर:
नमस्कार. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी २०१८ मध्ये चाकणला लागलो आणि तेव्हापासून गुणवत्ता विभागात पाच ठिकाणी काम केले. पहिल्या ठिकाणी मी ठेकेदाराच्या पटावर होतो आणि २०१९ च्या मंदीत वाहनांचा खप घटला, तेव्हा आधी आम्हा कंत्राटी मुलांनाच घरी बसवले. दुसरे कामही ठेकेदारामार्फतच आणि बीएस-६ या वाहनांच्या धुराबाबतच्या नव्या मानकांसाठीच्या भागांच्या चाचण्यांपुरते होते; १ एप्रिल २०२० ला ती मानके लागू व्हायच्या आधीच टाळेबंदी आली. तिसरी नोकरी वडिलांच्या आजारपणात सोडली, चौथी सरळसरळ पगारासाठी. पाचवी अकरा महिन्यांत सोडली, कारण मापात न बसलेले भाग पास दाखवून त्यावर माझी सही मागितली जात होती.

गेल्या आठवड्यात भोसरीत मुलाखत झाली. समोरच्या बाईंनी बायोडेटातील पाचही तारखांभोवती पेनाने गोल केले आणि विचारले, "मग आमच्याकडे किती महिने?" मी पार वडिलांच्या डायलिसिसपर्यंत सगळे सांगत बसलो, आणि त्यांनी मधेच पेनाला टोपण लावले. पहिल्या दोन नोकऱ्या गाळून टाक, असे मित्र म्हणतो. गाळाव्यात का?

आस्थापनावाला:
मुळीच गाळू नका. भविष्य निर्वाह निधीचा तुमचा बारा आकडी क्रमांक, म्हणजे यूएएन, नोकऱ्या बदलल्या तरी एकच असतो आणि त्याखालच्या सर्व्हिस हिस्ट्रीत प्रत्येक आस्थापनेचे नाव, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख दिसते. पडताळणी करणारे आता बहुधा तिथूनच सुरुवात करतात. पाच नोकऱ्या खपून जातील, लपवलेल्या दोन खपणार नाहीत.

त्याऐवजी पहिल्या दोन नोकऱ्या "कंत्राटी कामे, २०१८ ते २०२०" अशा एकाच शीर्षकाखाली, दोन्ही नावांसह लिहा. तेही खरेच आहे आणि पाचांच्या जागी चार ओळी दिसतात. मुलाखतीत प्रत्येक बदलाला एकच वाक्य द्या आणि लगेच त्या ठिकाणच्या कामावर या: कोणता भाग होता, रिजेक्शन किती होते, तुम्ही ते कशाने खाली आणले. आम्हा भरती करणाऱ्यांना कारणाच्या खरेखोटेपणापेक्षा वेगळीच धास्ती असते. नव्या माणसाला ग्राहकाच्या ऑडिटपुढे उभा करण्याइतका तयार करायला सहा महिने जातात आणि नेमका तेव्हाच तो राजीनामा ठेवतो. म्हणून "किती महिने" याचे उत्तर आकड्यात न देता, इथे काय शिकायचे आहे आणि त्याला किती काळ लागेल, अशा अंगाने द्या. आणि पगारासाठी सोडली असेल तर तसेच सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही, फक्त ते कारण एकदाच चालते.

गेजवाली:
वरील सल्ला पटतो, परंतु पाचव्या नोकरीबद्दल एक सावधगिरी सुचवते. चाकण-भोसरी पट्ट्यात सगळे एकमेकांना ओळखतात. ज्याच्यासमोर तुम्ही बसला आहात तो कदाचित त्याच ग्राहकाला माल देत असेल. खोट्या सहीची कथा तिथे सांगितलीत, तर ऐकणारा मनात म्हणेल की उद्या आमच्याबद्दलही हा असेच बोलेल. "तपासणीच्या नोंदींबाबत वरिष्ठांचे आणि माझे मत जुळले नाही" इतके पुरे. ज्याला कळायचे त्याला कळते.

आस्थापनावाला:
मान्य. मात्र समोर गुणवत्ता विभागाचा प्रमुख असेल आणि त्याने खोदून विचारले, तर मी खरे सांगेन, फक्त कंपनीचे आणि माणसाचे नाव न घेता. सही नाकारणारा माणूस त्याला हवाच असतो.

आणखी एक गोष्ट. ठेकेदार अनेकदा त्या सर्व्हिस हिस्ट्रीत सोडल्याची तारीख भरतच नाहीत. मग तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरीला होतात असे कागदावर दिसते आणि पडताळणी तिथे अडकते. त्या नोकरीतला निधीचा शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने उलटले असतील, तर ती तारीख आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवून भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर स्वतःच भरता येते.

चाकणकर:
आत्ताच उघडून पाहिले. पहिल्या ठेकेदाराच्या ओळीत सोडल्याची तारीख कोरीच आहे, म्हणजे कागदोपत्री मी अजून त्याच्याकडेच कामाला आहे. भोसरीच्या बाईंनी हे पाहिले होते की काय कोण जाणे. आज रात्री तारीख भरतो आणि बायोडेटाही नव्याने लिहायला घेतो.