मदत हवी आहे : वस्तीतल्या वर्गाला मोठ्या मुली येईनाशा झाल्या

रविवारचा_मास्तर
जरा लवकर सांगा, परवा पुन्हा वर्ग आहे. एका संस्थेतर्फे उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत, समाजभवनात शनिवार-रविवार शिकवायला जातो. दिवाळीपर्यंत हॉल भरायचा. आता पाचवी ते आठवीच्या मुली एकदम बंद. मुलगे येतात, छोटे येतात. घरी जाऊन विचारलं की आई म्हणते, "पाठवते ना जी", आणि पाठवत नाही. संख्या वाढली नाही तर हॉल भजनी मंडळाला जाणार. 'धीर धरा' सांगणार असाल तर राहू द्या.

सावजी_रस्सा
वर्ग किती वाजता? शिकवता काय? एकटेच जाता का?

फुटबॉलवेडा
पुस्तकं ठेवा बाजूला भाऊ, बॉल द्या. विजय बारसे सरांनी २००१ साली आपल्याच नागपुरात झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं. पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं पाहिली अन् तिथून सगळं उभं राहिलं. पोरं आपोआप येतील.

बर्डीवाली
पोरं येतातच आहेत हो. प्रश्न मुलींचा आहे. मैदानात पोरांची झुंबड उडाली की मुली कडेला उभ्या राहून चपला सांभाळतात.

फुटबॉलवेडा
मुलींचेही संघ आहेत. आधी जाऊन पाहा, मग बोला.

निवृत्त_हेडसर
शिक्षण हक्क कायदा, २००९. कलम ४ प्रमाणे शाळा सुटलेल्या मुलीला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. कलम १४ प्रमाणे जन्मदाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

रविवारचा_मास्तर
सर, मुली शाळेत जातात. शाळेचा प्रश्नच नाही. गणित आणि मराठी वाचन घेतो. आधी चार ते सहा होता, आता माझ्या ड्युटीमुळे सहा ते आठ. एकटाच असतो.

सावजी_रस्सा
घ्या! हे आधी सांगायचं ना. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचलाच दिवस मावळतो. आठ वाजता कोणती आई मुलीला गल्लीतून एकटी येऊ देईल?

बर्डीवाली
आणि हॉलमध्ये एकटा पुरुष. तुमच्यावर संशय नाही, पण वस्तीतली एखादी बाई मानधन देऊन बसवा. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ पासून आहे. संस्थेने लहान मुलांमध्ये पाठवताना तुमची पोलीस पडताळणी केली होती का?

रविवारचा_मास्तर
पडताळणीचं कुणी बोललंच नाही. पण वेळ बदलायच्या आधीपासूनच मुली कमी व्हायला लागल्या होत्या. नोव्हेंबरात कडेवरची पोरं आणायची नाहीत असा नियम केला, तेव्हापासून. त्याचा काय संबंध?

कडेवरची_ताई
त्याचाच संबंध आहे. मी अशाच वस्तीत वाढली. आई धुणीभांड्याला जायची, धाकटा दिवसभर माझ्या कडेवर. त्याला आणू नको म्हणजे तू येऊ नको. हे आई तुमच्या तोंडावर नाही सांगणार, "पाठवते ना जी"च म्हणणार.

रविवारचा_मास्तर
ताई, एक पोरगं खडू खातं, दुसरं फळा पुसतं, तिसरं रडत बसतं. अपूर्णांक कसे शिकवू?

निवृत्त_हेडसर
लहानांना अंगणवाडीत घाला.

कडेवरची_ताई
सर, रविवारी संध्याकाळी कोणती अंगणवाडी उघडी असते? मास्तर, कोपऱ्यात सतरंजी टाका, डबे-झाकणं द्या खेळायला. मुली पाळीपाळीने तिथं बसतील. त्यांना सवय आहे, तुम्हाला नाही.

फुटबॉलवेडा
मोठ्या मुलींनी तिथंही पोरंच सांभाळायची? मग तुमचा वर्ग कशाला?

बर्डीवाली
पहिल्यांदा पटलं तुमचं. म्हणूनच म्हणते, बाई ठेवा.

पोळ्याचा_बैल
तान्हा पोळा घ्या केंद्रावर. लाकडी बैल सजवायला आया स्वतः पोरं घेऊन येतात.

सावजी_रस्सा
पोळा श्रावण अमावस्येला असतो बे, आत्ता डिसेंबर चालू आहे.

रविवारचा_मास्तर
ड्युटी बदलून परवा तीनची वेळ ठेवतो. बाईचं संस्थेला विचारतो, पैसे नाहीत म्हणतील. कडेवरच्यांचं मला अजून पटलेलं नाही, पण एक महिना आणू देतो. जुनी मोठी सतरंजी आहे का कुणाकडे?

बर्डीवाली
आहे. हळदीचे डाग आहेत, चालत असेल तर उद्या धरमपेठेतून घेऊन जा. पत्ता मेसेज करते.