मदत हवी आहे: मोठ्या प्रिंटसाठी कॅमेरा कोणता?

नमस्कार मंडळी. सह्याद्रीतले फोटो प्रिंट करून विकतो. १२ बाय १८ इंचापर्यंत झकास चाललं होतं. परवा एकांनी हॉलसाठी कोकणकडा ४० बाय ६० इंचात मागितला आणि घोडं अडलं. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० बाय ४०००. इंचाला जेमतेम १०० पिक्सेल. चाचणी प्रिंट सहा फुटांवरून सुरेख, जवळ गेलं की कारवीची झुडपं म्हणजे नुसता हिरवा लगदा. आणि गिऱ्हाईक नाक लावूनच बघतं हो!

६१ मेगापिक्सेलचा सोनी ए७आर ५ घेतला तर इंचाला साधारण १५८ पिक्सेल मिळतील, १०२ मेगापिक्सेलच्या फुजी जीएफएक्स १००एसने १९४. पण फुजीच्या लेन्सा घेऊन नळीची वाट चढायची म्हणजे पाठीचं काही खरं नाही. ट्रायपॉडवर सात-आठ फोटो जोडूनही पाहिले. धुकं सरकतं, सांधे दिसतात.

एवढ्या आकाराचे प्रिंट कुणी विकलेत का? मॅट कागदावर ६१ आणि १०२ मेगापिक्सेलमधला फरक डोळ्यांना खरंच जाणवतो का? लेन्स धरून चार लाखांच्या वर जमणार नाही, सेकंडहँड चालेल.